अंगठ्याखालचं नाव

गुरुवारी सकाळी साडेदहाला शैलाताईंच्या टेबलावरचा फोन वाजला. त्या रजेवर होत्या, म्हणून मी उठून घेतला. पलीकडे एक पुरुष होता. त्याने विचारलं, "शैला भालेराव इथेच काम करतात ना?" मी सवयीने म्हणाले, "हो, पण त्या रजेवर आहेत. सोमवारी येतील." मला वाटलं, लाइन कटली. तेवढ्यात तो म्हणाला, "मी तिचा भाऊ बोलतोय, धुळ्याहून. शैला आज सकाळी वारली. तुमच्या साहेबांना सांगाल का?"

मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. जागेवर येऊन बसले. समोर अर्धवट टाइप केलेला आकडा होता, बारा अंकांतले शेवटचे चार राहिले होते. ते मी नीट बघून टाइप केले, पुढच्या ओळीवर गेले, आणि मग उठून चौधरी सरांच्या केबिनमध्ये गेले. ते चार अंक मी आधी का पूर्ण केले, हे मला अजून कळलेलं नाही. सोमवारी येतील, असं मी त्यांच्या सख्ख्या भावाला सांगितलं होतं.

आमचं ऑफिस जळगावात बसस्टँडमागच्या गल्लीत आहे. खाली टायरचं दुकान, वर आमच्या दोन खोल्या आणि सहा टेबलं. आम्ही रक्त तपासणाऱ्या लॅबसाठी सॉफ्टवेअर करतो. पाचोरा, चोपडा, शिरपूर अशा ठिकाणी रक्त घेणारी माणसं असतात. ती नळीवर बारकोडचं स्टिकर लावतात, मोबाईलने फोटो काढून पाठवतात, आणि नळ्या मागाहून गाडीने लॅबमध्ये पोहोचतात. फोटोतला बारकोड वाचून कुठली नळी कोणाची हे लावायचं काम आमच्या प्रोग्रॅमचं. दुकानातलं लाल उजेडाचं यंत्र पुन्हा पुन्हा बघत राहतं आणि कधीतरी टक्कन वाचतं. फोटोचं तसं नाही. तो एकदाच निघतो. हात हललेला असतो, वर लावलेली चिकटपट्टी चमकत असते, फ्रिजमधून काढलेल्या नळीला घाम आलेला असतो. जे आलं त्यातूनच वाचायचं. हा वाचणारा भाग शैलाताईंनी एकटीने लिहिला होता आणि त्या रोज तो सुधारत होत्या.

मी मराठी घेऊन एम. ए. झाले. प्राध्यापकीच्या मुलाखती देऊन थकले तेव्हा इथे आले. माझ्याकडे दोन कामं. पडद्यावरचे संदेश मराठीत लिहायचे, आणि जुन्या फोटोंतला रेघांखाली छापलेला आकडा डोळ्यांनी वाचून टाइप करायचा. प्रोग्रॅमने रेघांवरून काढलेला आकडा माझ्या आकड्याशी जुळला, की त्याने बरोबर वाचलं असं धरायचं. शैलाताई म्हणायच्या, "परीक्षेला यंत्र बसलंय, पण उत्तरं तुझ्याकडे आहेत. तू चुकलीस तर दोघं नापास."

त्या ठेंगण्या होत्या, आवाज मात्र खणखणीत. मनगटावर वडिलांचं स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ, मनगटात अगदी घट्ट बसणारं. डाव्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं होतं. लहानपणी दारात सापडलं आणि पुढे कायम तसंच उगवत राहिलं. पडद्यावर काही दाखवायचं झालं की त्या त्याच नखाने टकटक करायच्या. मी सहा वर्षं ती टकटक ऐकली.

वडील वरणगावच्या कारखान्यात तपासणीच्या कामावर होते. त्यांच्याकडून ताईंनी एक सवय उचलली होती, लाल ट्रेची. वडिलांच्या टेबलाशी म्हणे तसा एक ट्रे असायचा आणि ज्या वस्तूबद्दल जराही शंका आली ती त्यात जायची. ताईंच्या टेबलावर प्लास्टिकचा लाल ट्रे होता. न उमटणारं पेन, अर्थ न लागलेलं पत्र, मऊ पडलेलं बिस्कीट, सगळं त्यात. एकदा कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका आली, वर लिहिलेलं, सौ. शैलाताई. त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. पत्रिका ट्रेमध्ये टाकून त्या म्हणाल्या, "हिची खात्री पटत नाही."

प्रोग्रॅममध्येही त्यांनी लाल ट्रे केला होता. वाचताना शंका आली तर तो फोटो बाजूला पडायचा आणि पाठवणाऱ्याला संदेश जायचा. तो संदेश लिहिणं हे माझं इथलं पहिलं काम. मी मोठ्या तयारीने लिहून नेलं, "प्रतिमा अस्पष्ट असल्याने संकेतांक वाचन अयशस्वी." त्यांनी ते दोनदा मोठ्याने वाचलं.

"मास्तरीणबाई, हे कोणाला पाठवायचंय?"

"रक्त घेणाऱ्या माणसाला."

"त्याच्या एका हातात नळी, दुसऱ्या हातात मोबाईल, समोर पोरगं रडतंय. त्याला अयशस्वी म्हणून काय मिळणार? आधी काय झालं ते सांग, मग काय करायचं ते सांग. बस."

तिसऱ्या वेळी मी लिहिलं, "नीट दिसत नाही. फोटो पुन्हा काढा." त्या म्हणाल्या, "आता माणूस बोलला." ते वाक्य तेव्हापासून तसंच आहे.

आमच्याशी त्या प्रमाण मराठीत बोलायच्या, पण धुळे, शिरपूरकडचा फोन आला की खुर्ची मागे सरकवून अहिराणीत शिरायच्या. शिरपूरच्या केंद्रावर भटूभाऊ म्हणून गृहस्थ आहेत. त्यांच्याकडचे फोटो रोज बाजूला पडायचे. ते स्टिकर नळीला आडवं गुंडाळत, त्यामुळे अर्ध्या रेघा नळीच्या पलीकडे जायच्या आणि कडेच्या रेघा फोटोत दाटून यायच्या. ताईंनी फोन लावला आणि आम्हाला ऐकू यावा म्हणून स्पीकरवर टाकला.

"भटूभाऊ, ती नळी शे का पोऱ्यानी कंबर? करदोडा काबरं बांधी ऱ्हायना तू?"

"अक्का, आडवं लावं म्हंजे नाव सरळ वाचता येस. सिस्टरले मान वाकडी करनी पडत नही."

"सिस्टरनी मान वाकडी व्हई ते चाली. पेशंटनं नाव वाकडं व्हई ते चालाव नही. उभं लाव. शिडीन्या पायऱ्या दिसाले पाहिजेत."

"बठ्ठा उभा लावू?"

"बठ्ठा, एक बी सोडू नको. आनि परवा मी येस, देखाले."

त्या खरंच गेल्या. दिवसभर भटूभाऊंच्या शेजारी बसून नळ्यांना स्टिकरं लावली. परत आल्यावर म्हणाल्या, "चूक माझीच. तो माणूस सिस्टरच्या मानेचा विचार करत होता आणि मी त्याला येडा समजत होते." दुसऱ्या दिवसापासून शिरपूरचे सगळे फोटो शिडीसारखे येऊ लागले.

त्यांच्या कामाची पद्धत मला माझ्या भाषेत समजली ती अशी. फोटोतल्या रेघांवरून त्या एकच आडवी नजर टाकत नसत. वरून, खालून, मधून, अशी पुष्कळदा टाकत. एखाद्या ठिकाणी डाग असेल, एखाद्या ठिकाणी चमक. सगळ्या नजरांनी एकच आकडा सांगितला तरच मान्य. "साक्षीदार फुटला की केस लाल ट्रेमध्ये," त्या म्हणत. चौधरी सरांना हे पटायचं नाही. सर वाईट माणूस नाहीत, पण लॅबवाले त्यांना विचारत की इतके फोटो परत का येतात. एकदा ताई रजेवर असताना सरांनी दुसऱ्याकडून प्रोग्रॅममध्ये एक भर घालून घेतली. एखादा अंक कळला नाही तर त्या दिवशीच्या पेशंटच्या यादीत जो आकडा सर्वांत जवळचा असेल तो धरायचा. परत येणारे फोटो एकदम कमी झाले. सरांनी पेढे आणले.

पाचव्या दिवशी पाचोऱ्याहून फोन आला. एका म्हाताऱ्या आबांच्या हाती किडन्या पार बिघडल्याचा रिपोर्ट गेला होता. मुलगा त्यांना गाडीत घालून जळगावला घेऊन आला, पुन्हा तपासलं, तर काहीच नाही. घरची माणसं हसली, देवाचे आभार मानून परत गेली. ऑफिसातही जरा हायसं वाटलं. ताई तेवढ्यात रजेवरून परतल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आबांचा प्रश्न मिटला. त्यांचा चांगला रिपोर्ट कोणाला गेलाय?"

आम्ही कोणी त्या बाजूने विचारच केला नव्हता.

"ज्याला चुकून चांगलं सांगितलंय, त्याच्याकडे आधी जायचं," असं म्हणत त्यांनी यादी काढली. तीन वेगळ्या नळ्यांचे फोटो माझ्याकडून वाचून घेतले, आणि तासाभरात नाव सापडलं. पाचोऱ्याजवळच्या एका खेड्यातल्या बाई. सगळं ठीक आहे म्हणून त्या दोन दिवस निवांत होत्या, सूज मात्र वाढत होती. ताई स्वतः गेल्या, बाईंना दवाखान्यात पोचवून, हात जोडून माफी मागून आल्या. बाई वाचल्या. त्या संध्याकाळी ताईंनी सरांसमोर बसून ती भर काढून टाकली. सर म्हणाले, "ताई, मी तर लोकांचा त्रास कमी करायला गेलो हो." ताई एवढंच म्हणाल्या, "सर, दिसत नसेल तर दिसत नाही म्हणायचं. त्यात लाज कसली?"

हे वाक्य मला आता रोज आठवतं.

फोटोंच्या बाबतीत त्यांचा एक नियम कडक होता. प्रोग्रॅमच्या चाचणीसाठी जो फोटो आमच्याकडे येईल त्यात स्टिकरवर छापलेलं पेशंटचं नाव अंगठ्याने झाकलेलं हवं. त्यामुळे प्रत्येक फोटोत एक अंगठा असायचा. मेंदीचा, तंबाखूने पिवळा पडलेला, हातमोज्यातला. मला तो भाग आवडायचा. आकडा टाइप करता करता मी त्या हातांवरून माणसं रचायचे. कामाला वेळ लागायचा. ताई मागून म्हणायच्या, "मास्तरीणबाई, कादंबरी वाचू नका, आकडे वाचा."

मागच्या वर्षी एका मंगळवारी मी काम उघडलं तर पडद्यावर पूर्ण फोटो येईना. फक्त रेघा आणि खालचा आकडा, एवढीच कापलेली पट्टी. मी विचारलं तर त्या म्हणाल्या, "मीच बदललंय. तुझ्या डोळ्यांना त्रास कमी." मी जराशी हिरमुसले, पण पंधरा दिवसांत सवय झाली. काम खरंच भराभर होऊ लागलं.

त्याच सुमाराला त्या दर तिसऱ्या सोमवारी धुळ्याला जाऊ लागल्या. आईला बरं नसतं, म्हणाल्या. आम्ही आईची चौकशी करायचो. "चाललंय," त्या म्हणायच्या. डोक्याला रुमाल बांधून ऑफिसात बसू लागल्या. जळगावच्या उन्हात डोक्याला रुमाल कोणाला खटकणार? पावसाळ्यातही तो राहिला, तेव्हा त्या म्हणाल्या की एसीचा वारा बाधतो, आणि सरांनी एसीचं तोंड भिंतीकडे फिरवलं. धुळ्याहून येताना त्या कामाचे फोटो आणायच्या. त्यांनी वेगळं फोल्डर केलं होतं, नाव नुसतं "धु". मला म्हणाल्या, "तिथे एका दवाखान्यात ओळख निघालीय. हात हललेले फोटो आपल्याकडे कमी होते ना, आता मिळतील." प्रत्येक फोटोपुढे त्यांच्या हाताने शेरा लिहिलेला असायचा. उजेड मागून. टेप चमकते. हात हलला. मी पट्ट्या वाचायचे, आकडे टाइप करायचे. धुळ्याच्या त्या फोटोंमुळे प्रोग्रॅम खूपच सुधारला. पूर्वी जे हललेले फोटो बाजूला पडत, त्यांतले पुष्कळ तो आता वाचतो, आणि वाचतो ते बरोबर वाचतो.

जलदानविधीला सर आणि मी धुळ्याला गेलो. रस्त्यात पारोळ्याला चहाला थांबलो, तेव्हा सर मला विचारत होते, "तुला काहीच बोलल्या नव्हत्या? तू तर शेजारी बसायचीस." मी नाही म्हणाले. घरात बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या लावल्या होत्या, पांढऱ्या कपड्यांतली माणसं सतरंजीवर बसली होती. भिंतीला टेकून एक वृद्ध बाई बसली होती, चांगली ठणठणीत. ती ताईंची आई. मी तिला नमस्कार केला आणि सतरंजीच्या कडेला बसले.

विधी झाल्यावर भाऊ आमच्याजवळ येऊन बसले. दीड वर्ष उपचार चालले होते, म्हणाले. धुळ्यातल्याच दवाखान्यात. दर तीन आठवड्यांनी आधी रक्त तपासायचं, मग औषध चढवायचं. सर मान खाली घालून ऐकत होते. मग भाऊ माझ्याकडे वळले.

"आकडे वाचणाऱ्या ताई तुम्हीच का?"

"हो."

"ती सांगायची तुमचं. सिस्टरने नळी भरून स्टिकर लावलं की म्हणायची, थांबा, एक फोटो. डाव्या हातात नळी धरायची, उजव्या हाताने काढायची. आम्ही रागवायचो, आता तरी ऑफिस बाजूला ठेव. तर म्हणायची, तिकडे एक मुलगी आहे, ती एकेक फोटो डोळ्यांनी वाचते. मशीनवर माझा भरोसा नाही, तिच्यावर आहे." त्यांनी डोळे पुसले. "तुम्हाला सगळं माहीत होतं ते बरं झालं. कोणीतरी बघतंय, एवढं तरी तिला होतं."

मला माहीत नव्हतं, हे त्यांना सांगायला हवं होतं. त्यांना चुकून चांगला रिपोर्ट गेला होता, आणि तो दुरुस्त करायला मी आजवर गेलेले नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी "धु" फोल्डरमधले मूळ फोटो उघडले. पट्ट्या नाही, पूर्ण फोटो. पहिल्याच फोटोत नळी होती, स्टिकर शिडीसारखं उभं, आणि नावावर अंगठा. अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं.

मी पुढचा उघडला. त्याच्या पुढचा. सगळीकडे तोच अंगठा. मागे लोखंडी पलंगाचा कठडा, खिडकी, खिडकीबाहेर कडुनिंब. कडुनिंब कधी भरलेला, कधी रोडावलेला, पुन्हा कोवळ्या पानांचा. मनगटावर वडिलांचं घड्याळ, घट्ट. काही फोटोंनंतर त्याच्या पट्ट्यातून बोट जाईल एवढी फट. मग ते सरकून कोपराकडे गेलेलं. हाताच्या पाठीवर पांढऱ्या पट्टीने चिकटवलेली सुई. मग नख काळसर पडलेलं. मग घड्याळ नाही. या प्रत्येक फोटोपुढे माझा बारा अंकी आकडा होता, एकही चुकलेला नाही. दीड वर्ष या हाताचे फोटो माझ्याकडे येत होते आणि मी त्यांतले आकडे वाचत होते.

मी फाइलींच्या तारखा बघितल्या. धुळ्याचा पहिला फोटो सोमवारचा आहे. पट्टी कापणारा बदल त्याच संध्याकाळचा. माझ्या डोळ्यांना त्रास कमी व्हावा म्हणूनच त्यांनी तो केला असेल. तसंही असू शकतं. मी ते लाल ट्रेमध्ये ठेवलं आहे.

शेवटचा फोटो त्या गेल्या त्याच्या दहा दिवस आधीचा. त्याच्यापुढे आकड्याचा रकाना कोरा आहे. त्या पट्टीत मलाही काही वाचता आलं नव्हतं आणि मी तो सोडून पुढे गेले होते. पूर्ण फोटोत नळी दोनदा उमटल्यासारखी दिसते. बोटं धुरासारखी पसरली आहेत. अंगठा नावावरून घसरला आहे, पण नाव वाचता येत नाही. बाजूला शेरा, त्यांचाच. हात हलला.

मी तो फोटो मोठा केला, उजेड वाढवला, कमी केला. मग शेवटी त्यांच्याच प्रोग्रॅमला दिला. त्याने वरून, खालून, मधून बघितलं असणार, कारण नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ लागला. मी वाट बघत बसले. पडद्यावर संदेश आला.

नीट दिसत नाही. फोटो पुन्हा काढा.